हवा भरलीस, पण मोजलीस का?

टायरला लाथ मारून दाब कळत नाही. अंगठ्याने दाबून कळत नाही. कमरेवर हात ठेवून लांबून न्याहाळलंस तरी कळत नाही. हे तुला मी सांगायचं? माझ्या वर्कशॉपमध्ये शिकलेल्याला? व्हर्नियर कॅलिपर उचललं की आधी शून्यदोष बघायचा, मगच वहीत आकडा लिहायचा, ही सवय तुझ्या हाताला मी लावली होती. आणि आज तू मागच्या सीटवर म्हातारी आई आणि पोरं बसवून कुंभार्ली घाट उतरतोस. कशाच्या भरवशावर? तर "परवाच हवा भरली होती." कोणी भरली? पंपावरच्या पोराने. किती भरली? "33 लावलं होतं, मशीन वाजलं." ते मशीन खरं बोलतं की नाही, हे कोणी तपासलं? आता का गप्प?

अडाण्याचा मला राग येत नाही. त्याला माहीत नसतं, त्याला सांगता येतं. राग येतो तो तुझ्यासारख्याचा. तुला सगळं ठाऊक आहे. दाब कमी असला की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि सुटते, रबर आतून तापतं, थर सैल होतात, हे तू परीक्षेत लिहून गुण मिळवलेस. समृद्धी महामार्गावर 120 च्या वेगाने जाताना तुझ्या गाडीचं चाक सेकंदाला सोळा-सतरा वेळा फिरतं. प्रत्येक फेऱ्याला तो टायर दुमडतो. नागपूर ते मुंबई 701 किलोमीटर. मे महिना. सिमेंटचा तापलेला रस्ता. किती वेळा दुमडला, कर हिशेब. गणितात तू कच्चा नव्हतास. मग टायर फुटला की म्हणायचं, रस्ताच वाईट. सिमेंटच वाईट. टायरची कंपनीच वाईट. नाचता येईना अंगण वाकडं! निघण्याआधी टायरमध्ये किती हवा होती, ते सांग. खरा आकडा सांग. नाही सांगता येत ना? मग रस्त्याला नावं ठेवायचा हक्क तुला नाही.

आणि "टायर दिसायला ठीक दिसत होता" हे तर बोलूच नकोस. आजकाल सगळ्या मोटारींना रेडियल टायर असतात. त्यांची बाजू मुळातच मऊ, योग्य दाबालाही खाली थोडी फुगलेली दिसते. 33 चा टायर 25 वर आला तरी डोळ्याला फरक कळत नाही. डोळ्याला दिसेल इतका टायर बसतो, तेव्हा त्याचं व्हायचं ते नुकसान आतून होऊन गेलेलं असतं.

तुझ्या गाडीला दाब किती हवा, एवढं तरी माहीत आहे का? ड्रायव्हरचं दार उघड. खांबावर पट्टी चिकटवलेली आहे. काही गाड्यांत ती पेट्रोलच्या झाकणाच्या आत असते. तिच्यावर पुढचा किती, मागचा किती, माणसं आणि सामान भरल्यावर किती, सगळं छापलेलं आहे. गाडी घेतल्यापासून किती वेळा वाचलीस? टायरच्या बाजूवर 44 किंवा 51 असा आकडा दिसतो, तो वाचून तेवढी हवा भरणारेही मी पाहिलेत. तो त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. तुझ्या गाडीला किती हवी, हे गाडी बनवणाऱ्याने ठरवलंय आणि त्या पट्टीवर लिहिलंय. आणि एककं बघून घाबरू नकोस. 33 पीएसआय, 2.3 बार, 230 किलोपास्कल, सगळं जवळपास एकच. ज्याला एककांचं रूपांतर मी पाठ करून घेतलं, त्याने पंपावर "अंदाजे तीस-पस्तीस टाक" म्हणावं? अंदाजे?

आता त्या पंपाचं. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते, ती द्यावीच लागते, मान्य. भर की तिथे. हवा भरायला कोण नको म्हणतंय? पण मोजायचं काम तू त्यांच्या गळ्यात कशाला घालतोस? ती नळी दिवसभर जमिनीवर लोळते. तिच्यावरून टेम्पो जातात. नोझलमधलं रबर झिजलेलं असतं, अर्धी हवा बाजूने फुसफुसत जाते. कधी ट्रकचा टायर, कधी स्कूटरचा. मागे रांग लागलेली असते. त्या पोरावर डोळे वटारू नकोस, तो त्याचं काम करतोय. दिवसात किती गाड्यांना हवा भरतो तो! तुझ्या आईच्या जिवाची जबाबदारी त्याने कुठे घेतलीय? ती तुझी आहे.

आणि पंपावर तू पोचतोस कसा? गाडी चालवत पोचतोस. म्हणजे टायर गरम. इथेच तू सगळ्यात मोठी चूक करतोस, आणि तीही शिकून सवरून. अकरावीचा नियम आठव. आकारमान तेच राहिलं तर वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. पट्टीवरचा 33 हा थंड टायरचा आकडा आहे. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी, किंवा सावकाश एक-दीड किलोमीटरच्या आत चाललेली. सकाळी 27 अंशांना टायरमध्ये बरोबर 33 होतं असं धर. तू निघालास, ऊन चढलं, टायरमधली हवा 55 अंशांवर गेली. आता गेज साडेसदतीस दाखवणार. वाढलेला आकडा बघून तू घाबरलास. "दादा, जरा कमी कर." त्याने हवा सोडली, 33 केली. तू समाधानाने निघालास. दुसऱ्या दिवशी पहाटे तोच टायर मोजला तर किती निघेल? 29. चार पीएसआय तू स्वतःच्या तोंडाने सांगून कमी करून घेतलेस, आणि वर त्याला काळजी म्हणतोस. हे गणित मी फळ्यावर सोडवून दाखवलं होतं. वहीत उतरवलं होतंस की नाही? उतरवलं होतंस. तीच तर तक्रार आहे माझी.

गरम टायरची हवा सोडायची नाही. कमी वाटली तर भरायची, पण आकड्याची शहानिशा दुसऱ्या दिवशी थंड टायरवर करायची. आणि थंड टायर कुठे असतो? तुझ्या दारात. पहाटे. म्हणजे दाब मोजायची जागा घर आहे, आणि घरी मोजायचं तर गेज स्वतःचं हवं. यातून पळवाट काढून दाखव.

काढशीलच. "गाडीत सेन्सर आहे, दिवा लागतो." बरं. तो दिवा कधी लागतो, वाचलंस? अमेरिकेचा जो नियम त्या दिव्यांसाठी झाला, त्यात इशारा द्यायची हद्द पट्टीवरच्या दाबापेक्षा 25 टक्के खाली अशी ठेवली आहे. 33 चे 25 टक्के कमी कर. पावणेपंचवीस. म्हणजे 26 वर तू दिवसेंदिवस गाडी हाकलीस तरी तसा दिवा गप्प राहू शकतो. तो धोक्याची घंटा म्हणून बसवलाय, रोजच्या देखभालीसाठी नव्हे. शिवाय काही गाड्यांत टायरमध्ये सेन्सर नसतोच. एबीएसच्या सेन्सरवरून कोणतं चाक इतरांपेक्षा जोरात फिरतंय एवढंच बघितलं जातं. चारही टायर सारखेच उतरले तर त्याला पत्ता लागेलच असं नाही. आणि चारही टायर सारखे उतरणं हेच नेहमीचं आहे. धडधाकट टायरमधूनही महिन्याला एखाद-दोन पीएसआय हवा जातेच. तुझा आळस चारही चाकांना सारखाच लागू पडतो.

तो नियम कशातून आला तेही ऐक, कारण तुला वाटतं चार पीएसआयने काय होतंय. ऑगस्ट 2000 मध्ये फायरस्टोनने अमेरिकेत सुमारे 65 लाख टायर परत मागवले. फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवर त्या टायरांचे वरचे पट्टे धावताना सुटत होते, गाड्या उलटत होत्या. तिथल्या सरकारी यंत्रणेच्या नोंदीत 271 मृत्यू लागले. कारणं एकाहून जास्त होती, दोन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवत राहिल्या. पण त्या भांडणात एक मुद्दा कोणता होता? फोर्डने पट्टीवर 26 पीएसआय लिहिलं होतं, फायरस्टोन म्हणत होती 30 ठेवा. चार पीएसआय! जेवढे तू पंपावर हवा सोडायला सांगून घालवलेस, तेवढेच. त्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला आणि त्यातून पुढे प्रत्येक नव्या मोटारीत तो दिवा आला. इतकी माणसं गेल्यावर आलेला दिवा, आणि तू त्याचा उपयोग गेज न घेण्याचं निमित्त म्हणून करतोस.

नायट्रोजनचं तर नावच काढू नकोस. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन भरला तरी तो तापतो, आकसतो, व्हॉल्व्हमधून गळतो. मोजावं लागतंच.

"सर, गेज आहे की माझ्याकडे." हे ऐकून तर मला जास्तच राग येतो. दाखव बरं. कुठून आणलंस? मोबाईलवर सगळ्यात स्वस्त कोणतं ते बघून मागवलंस ना? त्यावर काय लिहिलंय, किती अचूक? माहीत नाही. पण पडद्यावर 32.4 दिसतं, दशांशासकट, म्हणून खरं. अरे, आकडा बारीक दिसणं वेगळं आणि आकडा खरा असणं वेगळं. पडद्यावर दशांश आणायला काही लागत नाही. आतला सेन्सर दोन-तीन पीएसआयने चुकत असेल तर तो दशांश काय चाटायचाय? प्रयोगवहीत असं लिहिलं असतंस तर मी लाल रेघ मारली असती, आणि तू निमूटपणे पुन्हा प्रयोग केला असतास. आता गाडी तुझी, वही तुझी, लाल रेघ मारणारं कोणी नाही, म्हणून काहीही चालवून घेतोस.

गेज घेताना पहिली गोष्ट बघायची ती त्याची पट्टी कुठून कुठपर्यंत आहे. इथे जरा थांब आणि नीट वाच, कारण बहुतेक लोक इथेच फसतात म्हणून तूही फसलास, हे कारण मी ऐकून घेणार नाही. तबकडीच्या गेजची चूक टक्क्यांत लिहितात, आणि ते टक्के तू वाचतोयस त्या आकड्याचे नसतात, पूर्ण पट्टीचे असतात. अमेरिकी यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेचं बी40.100 नावाचं मानक आहे. त्यातल्या 'बी' दर्जाच्या गेजला पट्टीच्या मधल्या अर्ध्या भागात 2 टक्के चुकायची मुभा आहे, आणि दोन्ही टोकांच्या पाव भागांत 3 टक्के. आता तू 0 ते 160 चं दणकट दिसणारं गेज घेतलंस. तुझा 33 त्यात कुठे पडतो? पहिल्या पाव भागात. चूक किती? 160 चे 3 टक्के, म्हणजे जवळपास 5 पीएसआय. गेज 33 दाखवतंय आणि टायरमध्ये 28 असू शकतात, 38 ही असू शकतात. तेच 0 ते 60 चं घेतलंस तर 33 बरोबर मधल्या भागात येतो. 60 चे 2 टक्के किती? सव्वा पीएसआयच्याही आत. दर्जा तोच, मानक तेच, आणि चुकीत चौपट फरक. वखारीत लाकूड तोलायच्या काट्यावर कोणी सोनं तोलतं का? तू तोलतोस. कारण मोठी तबकडी, मोठे आकडे, भारी वाटतं.

तेव्हा नियम धर, तुझा नेहमीचा दाब पट्टीच्या मध्याजवळ यायला हवा. मोटारीला आणि दुचाकीला 0 ते 60 पुरे. एक अपवाद सांगतो, कारण तू स्टेपनीकडे बघतच नाहीस. काही गाड्यांत बारीक, तात्पुरत्या वापराची स्टेपनी असते, तिला बहुतेक वेळा 60 पीएसआय लागतात. तशी असेल तर 0 ते 100 चं वरच्या दर्जाचं गेज घे, किंवा तिच्यासाठी वेगळं ठेव. ट्रकवाल्याला 160 लागतं, त्याने खुशाल घ्यावं. तुला नको.

दर्जा म्हणजे काय याचा अंदाज हवा असेल तर आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटनेची मोटारींच्या टायर-गेजसाठी वेगळी शिफारस आहे, आर 23. तिच्यात 4 बारपर्यंत 0.08 बारची चूक चालते. म्हणजे साधारण 1.2 पीएसआय. एवढं लक्षात ठेव. एक पीएसआयच्या आसपास चुकणारं गेज कामाचं, तीन-चार चुकणारं टाकाऊ. विकणारा अचूकता लिहीतच नसेल तर घेऊच नकोस. त्याला ठाऊक नाही, किंवा सांगण्यासारखी नाही.

प्रकार तीन. खिशात पेनासारखं बसणारं, ज्यातून पांढरी पट्टी बाहेर सरकते, ते स्प्रिंग आणि दट्ट्यावर चालतं. साधं, बॅटरीची कटकट नाही, वर्षानुवर्षं टिकतं. पण आत धूळ गेली, वंगण सुकलं की दट्ट्या अडखळतो आणि कमी दाखवतो. रेषा बारीक, पहाटेच्या उजेडात वाचताना एक-दोन इकडेतिकडे होतातच. टूलबॉक्समध्ये जोडीला ठेवायला ठीक. मुख्य मापासाठी नको.

तबकडीचं गेज माझ्या पसंतीचं, आणि त्याचं कारण आतली नळी. 1849 मध्ये पॅरिसच्या युजेन बूर्दोंने तिचं पेटंट घेतलं. चपटी, वाकवलेली धातूची नळी. आत दाब आला की सरळ व्हायला बघते, तिचं टोक हलतं, दात्यांवरून काटा फिरतो. बस्स. पावणेदोनशे वर्षं जगभरच्या बॉयलरांवर हीच नळी दाब सांगत आलीय. तिला बॅटरी लागत नाही. थंडी-उकाड्याने ती सहसा बिघडत नाही. पण पाडलीस की गेली. नळी कायमची वाकते, दाते एक घर सरकतात, आणि काटा तरीही ऐटीत आकडा दाखवत राहतो. म्हणून तबकडीभोवती जाड रबराचं कवच असलेलंच घे. कवच नाही असं गेज स्वस्त मिळालं तरी नको. पहिल्यांदा हातातून निसटेल त्या दिवशी ते खोटारडं होईल, आणि तुला कळणारही नाही.

डिजिटलला मी नावं ठेवत नाही. चांगल्या कंपनीचं, अचूकता लिहिलेलं डिजिटल गेज पडलं तरी तबकडीइतकं बिघडत नाही, कारण आत हलणारं काही नाही. अंधारात आकडा उजळतो. पण बॅटरी उतरायला लागली की काही गेज चुकतात, आणि कोकणातल्या दमट पावसाळ्यात बॅटरीच्या खाचेत गंज चढतो. तू वर्षातून एकदा बॅटरी बदलशील? खरं सांग. भिंतीवरच्या घड्याळाची बदलत नाहीस. मग तबकडीचंच घे.

नोझलकडे कोणी लक्षच देत नाही, आणि अर्धी चूक तिथेच होते. नोझल व्हॉल्व्हवर सरळ, घट्ट बसलं पाहिजे. फुस्स असा आवाज चालू राहिला तर जो आकडा आला तो खोटा. स्कूटरच्या छोट्या चाकात, डिस्कच्या आड व्हॉल्व्ह लपलेला असतो. तिथे सरळ नोझल घालायला जागाच नसते, वाकडं तोंड लागतं. घरात मोटारही आणि स्कूटरही असेल तर गोल फिरणारं किंवा वाकडं नोझल असलेलं, रबरी नळीचं गेज घे. नळी हवीच. नळी असली की तबकडी डोळ्यासमोर धरता येते, नाहीतर तू तिरकं वाचणार आणि दृष्टिभेदाने एक पीएसआय घालवणार. जोडणी पितळेची असावी. झिंकच्या ओतीव जोडणीचे आटे लवकर झिजतात. आकडा धरून ठेवणारं असावं, म्हणजे नोझल काढल्यावरही काटा तिथेच राहतो आणि सावकाश वाचता येतो. आणि बाजूला हवा सोडायचं बटण असावं. थोडी जास्त भरून, बटण दाबत दाबत नेमक्या आकड्यावर आणता येते. एवढ्या सोयी असलेल्या गेजची किंमत तुझ्या एका टायरच्या किमतीपुढे किरकोळ आहे. सीटच्या कव्हरांवर किती घातलेस?

कंप सोसायला काही गेजमध्ये ग्लिसरीन भरलेलं असतं. ते कारखान्यातल्या थरथरत्या पंपांसाठी. हातात धरून मोजणाऱ्याला त्याचे जादा पैसे द्यायची गरज नाही.

आता टिकवणं. घेतलेलं गेज तू काय करणार हेही मला माहीत आहे. डिकीत जॅक आणि पान्यांबरोबर फेकणार. खड्ड्याखड्ड्याला ते जॅकवर आपटणार. किंवा डॅशबोर्डवर टाकणार, आणि मे महिन्यात बंद गाडीत तो डॅशबोर्ड हात ठेववत नाही इतका तापतो. मग वर्षभराने म्हणणार, "सर, चांगलं गेज टिकतच नाही." तू टिकवलंस का? जाड कापडाच्या पिशवीत घाल, घरात खणात ठेव. दाब घरीच मोजायचाय, मग ते गाडीत कशाला हवं? लांबच्या प्रवासाला निघताना तेवढं बरोबर घे. नोझलचं रबर वर्षातून एकदा बघ, चिरलं असेल तर बदल. व्हॉल्व्हची टोपी लावत जा. टोपी नसली की व्हॉल्व्हमध्ये माती जाते, तीच गेजच्या नोझलमध्ये येते, आणि व्हॉल्व्हची पिनही नीट बसत नाही. चार टोप्यांपैकी दोन हरवलेल्या आहेत तुझ्या. परवा पाहिल्या मी.

आणि गेज खरं आहे की नाही, हे कसं कळणार? हा प्रश्न तू स्वतःहून विचारायला हवा होतास. एकच थंड टायर लागोपाठ तीनदा मोज. प्रत्येक वेळी अर्ध्या पीएसआयच्या आत तोच आकडा आला पाहिजे. दर वेळी वेगळा आला तर गेज परत कर. तोच आकडा आला, तरी गेज फक्त एकवचनी आहे एवढंच ठरलं, खरं बोलतं हे नाही. त्यासाठी ज्यांच्याकडे प्रमाणित गेज असतं अशा चांगल्या टायरवाल्याकडे किंवा गाडीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जा, त्यांचं प्रमाणपत्र कधीचं आहे ते विचार, आणि एकाच टायरवर दोन्ही लावून बघ. विचारायला लाज कसली? तुझं गेज सारखंच दीड पीएसआय जास्त दाखवत असेल तरी बिघडत नाही. मागे चिठ्ठी चिकटव, "दीड वजा". शून्यदोष कसा वजा करायचा, ते तुला सांगायला नको. फक्त काटा शून्यावर आहे म्हणून गेज ठीक, असं मानू नकोस. बऱ्याच तबकड्यांत काट्याला थोपवायला शून्यापाशी खिळा असतो. बिघडलेला काटाही त्याला टेकून साळसूद उभा राहतो.

एक बारकावा, तू महाबळेश्वरला जातोस म्हणून. गेज दाखवतं तो दाब बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त, एवढाच. समुद्रसपाटीवर भरलेला टायर साडेतेराशे मीटरवर नेलास तर तापमान तेच असताना गेज सुमारे दोन पीएसआय जास्त दाखवेल. वर गारवा असतो, तो त्यातलं काही परत घेतो. म्हणून वर पोचल्या पोचल्या हवा सोडायला धावू नकोस. खाली उतरलास की कमी पडेल.

"वेळ मिळत नाही, सर." काय सांगतोस? चार टायर आणि स्टेपनी मोजायला, सावकाश केलं तरी दहा मिनिटं लागतात. महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी. सकाळी मोबाईलवर जेवढा वेळ जातो, त्यातली ही दहा मिनिटं. आणि पैशांची भाषा कळत असेल तर तीही ऐक. चारही टायरांत सरासरी एक पीएसआय कमी असला तर इंधन सुमारे 0.2 टक्के जास्त जळतं, असं अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं सांगणं आहे. ते थोडं वाटतं. टायरच्या दोन्ही कडा आधी झिजून तो वेळेआधी गुळगुळीत होतो, ती किंमत मोठी. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर गाडी जिथे थांबायला हवी तिथे थांबत नाही, ती किंमत तर मी लिहीतही नाही. बैल गेला आणि झोपा केला, अशी वेळ आणायची आहे का तुला?

माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरांत मोजमापाला तुझा हात सगळ्यात चोख होता. म्हणूनच एवढं बोलतोय. दुसऱ्या कोणाला बोललो नसतो. तेव्हा आता कारणं पुरे. या आठवड्यात 0 ते 60 चं, रबरी कवचाचं, पितळी जोडणीचं, नळीचं गेज घे. रविवारी पहाटे गाडी जागेवरून हलवायच्या आधी पाचही चाकं मोज, गाडीच्या पट्टीवरचा आकडा शेजारी लिही, आणि दोन्ही रकाने मला पाठव. गोल केलेले आकडे चालणार नाहीत.